लाखेच्या तबकड्या आणि लष्कराच्या भाकऱ्या

छंद म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली यादी डोळ्यांसमोर येते. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेट्यांची चित्रं, हल्ली ट्रेकिंग आणि पक्षीनिरीक्षण. शाळेत ‘माझा आवडता छंद’ या निबंधात सगळ्यांनी हेच लिहिलेलं असतं. पण मुंबईत एक जमात अशी आहे, जिच्या छंदाला त्या निबंधात कधीच जागा मिळाली नाही. दर शुक्रवारी सकाळी ही मंडळी भेंडी बाजाराच्या पोटात, मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारात जातात आणि जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटासमोर उकिडवी बसून धुळीनं माखलेल्या काळ्या तबकड्या एकेक करून उलटतात. तबकडी उन्हाकडे तिरकी धरून चर बघायचे, मधला कागद वाचायचा, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता “कितीला?” विचारायचं. चेहरा खुलला की भाव वाढला!

या तबकड्या म्हणजे ७८ च्या गतीनं फिरणाऱ्या ग्रामोफोन रेकॉर्डी. गिरगावातले म्हातारे अजूनही त्यांना ‘प्लेटा’ म्हणतात. नंतर आलेल्या एलपीशी त्यांची गल्लत करू नका. एलपी प्लास्टिकची असते आणि अलीकडे ती पुन्हा फॅशनमध्ये आली आहे, वांद्र्याच्या कॅफेत भिंतीवर टांगलेली दिसते. ७८ ची प्लेट वेगळीच. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणार, वजनाला जड, आणि हातातून निसटली की संपलं, काचेसारखे तुकडे.

मी स्वतः संग्राहक नाही. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माणसाला तो छंद परवडत नाही (गणित पुढे करून दाखवतो). पण दिवसभर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड आणि अर्धवट डेटा निस्तरणं हेच माझं पोटापाण्याचं काम असल्यामुळे, या लोकांनी जे काम केलं आहे ते बघून मी थक्क होतो. आपल्या गेल्या शतकातल्या संगीताचा बराचसा ‘बॅकअप’ सरकारनं घेतलेला नाही, कंपन्यांनीही धड घेतलेला नाही. तो घेतला बँकेत, कॉलेजात, रेल्वेत नोकऱ्या करणाऱ्या या वेड्या लोकांनी. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

आधी थोडी लाख

एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. त्याच्यात आवाज एका नळकांड्यावर कोरला जायचा. एमिल बर्लिनरनं १८८७ मध्ये चपट्या तबकडीचं पेटंट घेतलं आणि खरी क्रांती तिथं झाली. कारण नळकांड्याच्या प्रती काढणं जिकिरीचं होतं. तबकडी मात्र नाण्यासारखी ठशावर हजारोंनी छापता येते.

ही तबकडी कशाची असायची? लाखेची. तीच आपली लाख, जिच्या बांगड्या होतात आणि जिच्या घरात पांडवांना जाळायचा बेत होता. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक किडा राहतो, त्याच्या स्रावापासून ती बनते. तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा भुसा मिसळून गरम साच्यात दाबलं की प्लेट तयार. जगातली बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जायची. म्हणजे गंमत बघा. लाख आपली, गाणारे आपले, ऐकणारेही आपले. पण सुरुवातीला छपाई जर्मनीतल्या हॅनोव्हरला! कलकत्त्याला सियालदाहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि मग हा द्राविडी प्राणायाम थांबला.

हिंदुस्थानातलं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झालं. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ बोटीनं यंत्रसामग्री घेऊन आला होता. इथं आपण सगळे पटकन ‘गौहर जान!’ म्हणतो. क्विझमध्ये ते उत्तर बरोबरही धरतात. प्रत्यक्षात त्याच दौऱ्यात गौहर जानच्या आधी कलकत्त्याच्या थिएटरातल्या शशिमुखी आणि फणीबाला या दोघींचे आवाज मुद्रित झाले होते. आणि हिंदुस्थानी भाषांतली ध्वनिमुद्रणं त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, खुद्द लंडनमध्ये झालेली होती. हे आपल्याला कुठल्या सरकारी गॅझेटमधून कळलेलं नाही, ते छंदिष्टांनी शोधून काढलं. त्याची गोष्ट पुढे येते.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्यानं पडदा थरथरणार, आणि सुई मेणावर रेघ ओढणार. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ मध्ये. तोपर्यंत ज्याचा आवाज खणखणीत त्याचीच चलती. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा आणि शेवटी ओरडून स्वतःचं नाव सांगायचं. कशासाठी? हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसाला कुठल्या प्लेटवर कुठला कागद चिकटवायचा ते कळावं म्हणून! गौहर जानचं ते प्रसिद्ध ‘माय नेम इज गौहर जान’ आपण आज कलावतीचा तोरा म्हणून ऐकतो. मुळात ते कुरिअरच्या पाकिटावरच्या लेबलासारखं होतं.

ज्यांचा आवाज उरला आणि ज्यांचा नाही

पुढच्या काही वर्षांत कंपन्यांचे इंजिनिअर मुंबईतही येऊ लागले. इथं गिऱ्हाईक तयारच होतं. गिरगाव-ग्रँट रोडच्या थिएटरांत संगीत नाटकं रात्र रात्र चालायची. पदं लोकांना पाठ असायची. ज्याला तिकीट परवडायचं नाही, तो इराण्याच्या हॉटेलात फोनोवर तेच पद ऐकायचा. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांचे आवाज प्लेटांवरून कोकणातल्या आणि देशावरच्या गावांपर्यंत गेले. मग भावगीतं आली, लावण्या, पोवाडे, कीर्तनं, विनोदी संवाद... जे खपेल ते छापायचं, हा साधा हिशोब. पुढे भावगीत गायक जी. एन. जोशी हे वकिलीची पदवी घेतलेले गृहस्थ एचएमव्हीतच नोकरीला लागले, आणि कित्येक मोठ्या गायकांना स्टुडिओपर्यंत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

पण सगळेच आले नाहीत. अनेक बुजुर्गांना हे यंत्र म्हणजे थिल्लरपणा वाटायचा. आपली विद्या चोरीला जाईल ही भीती होती. पानाच्या टपरीवर आपलं गाणं वाजेल हा अपमान वाटायचा. १९२२ मध्ये वारलेले भास्करबुवा बखले म्हणजे बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे मूळ पुरुष अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते आणि शेवटची कितीतरी वर्षं मुंबईतच राहत होते. म्हणजे एचएमव्हीचा स्टुडिओ हाकेच्या अंतरावर! तरी त्यांची बाजारात आलेली एक प्लेट नाही. याउलट अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी तीन-तीन मिनिटांत जे गाऊन ठेवलं, त्यावर पुढच्या पिढ्या वाढल्या.

विचार करा. दोघंही तितकेच थोर, पण एकाचं गाणं आज मोबाइलवर ऐकता येतं आणि दुसऱ्याचं फक्त आठवणींच्या पुस्तकांत वाचता येतं. मधे फरक काय? लाखेचा दहा इंची तुकडा. आणि हा तुकडासुद्धा कुणीतरी जपला असेल तर!

कायद्यातली फट

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. पुस्तक छापलं की प्रकाशकानं त्याच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायच्या. कलकत्त्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय (म्हणजे टाऊन हॉलच्या इमारतीतलं), चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्लीची पब्लिक लायब्ररी. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं आली. या कायद्यातली ‘पुस्तक’ या शब्दाची व्याख्या मोठी उदार आहे. नकाशे, तक्ते आणि चक्क छापील स्वरलिपीचा कागदसुद्धा तिच्यात धरला आहे.

म्हणजे गाणं कागदावर छापलंत तर ते राष्ट्राचा ठेवा. तेच गाणं तबकडीवर छापलंत तर त्याची एक प्रतही कुठं ठेवायची सक्ती नाही!

त्यामुळे पन्नास-साठ वर्षं हजारो गाणी बाजारात आली, विकली गेली आणि प्रत्येक गाणं एकाच ठिकाणी ‘जमा’ होत राहिलं, ते म्हणजे विकत घेणाऱ्याच्या घरात. संस्था अजिबात नाहीत असं नाही. आकाशवाणीचं संग्रहालय आहे, संगीत नाटक अकादमी आहे, आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीएनं केलेलं काम आहे. पण त्यांचा भर मुख्यतः मैफली आणि मुलाखतींच्या मुद्रणावर. १९१० मध्ये गिरगावात दोन-तीन रुपयांना विकली गेलेली एक प्लेट जपायची जबाबदारी कायद्यानं कुणाचीच नव्हती.

इंग्लंडमध्ये तरी वेगळं काय होतं? काही नाही. पॅट्रिक सॉल नावाच्या बँकेत काम केलेल्या माणसाला तरुणपणी एक बाजारातून गेलेली रेकॉर्ड हवी होती. ब्रिटिश म्युझियममध्ये नक्की असेल म्हणून तो तिथं गेला, तर कळलं की म्युझियम रेकॉर्डी ठेवतच नाही! पुढे त्यानं वर्षानुवर्षं खटपट करून, लोकांकडून रेकॉर्डी मागून, १९५५ मध्ये एक संस्था उभी केली. तीच १९८३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत सामील झाली. छंदिष्टानं सुरू करायचं आणि सरकारनं मागाहून जागं व्हायचं, हा क्रम तिथंही तोच. फरक एवढाच की तिथलं सरकार शेवटी जागं झालं.

मुंबईची मंडळी

मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मानद सचिव डॉ. सुरेश चांदवणकर हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) भौतिकशास्त्रज्ञ. नोकरी पदार्थविज्ञानाची, शनिवार-रविवार लाखेच्या प्लेटांचे. संस्थेचं स्वरूप अगदी साधं. एकत्र जमायचं, कुणीतरी एका विषयावरच्या प्लेटा घेऊन यायचं, सगळ्यांनी ऐकायचं, चर्चा करायची. मग शाखा निघाल्या. त्या कुठं? नांदेड, सोलापूर, तुळजापूर, अमरावती, बडोदा. नावं वाचूनच कळतं की हा काही दक्षिण मुंबईतल्या श्रीमंतांचा शौक नव्हता.

संस्थेनं १९९१ पासून ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढलं. त्याचे अंक चाळले तर त्यात काय आढळतं? याद्या. अमक्या गायकाच्या किती प्लेटा निघाल्या, कुठल्या कंपनीच्या, क्रमांक काय, दोन्ही बाजूंना कुठली गाणी. बाहेरच्या माणसाला याच्याइतकं कंटाळवाणं वाचन नाही. पण इतिहास लिहायला बसलात की या याद्यांशिवाय पान हलत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयीच्या डिजिटल ग्रंथालयानं हे अंक पुढे सगळ्यांसाठी खुले केले, त्यामागचं कारण हेच.

अशा याद्यांचा मेरुमणी म्हणजे मायकेल किनियर हा ऑस्ट्रेलियन. या माणसानं ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या हिंदुस्थानी मुद्रणांची (१८९९ ते १९०८) तपशीलवार सूची तयार केली. ती १९९४ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनानं छापली. वर गौहर जानच्या आधीच्या दोघींचा उल्लेख केला ना, तो असल्याच कामामुळे करता येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांवरही किनियरचं चरित्र-आणि-सूची असं पुस्तक आहे. तिकडे कानपूरला हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश केला, वर्षवार, चित्रपटवार, १९३१ पासून. यांच्यापैकी कुणालाही कुणी हे काम सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्याच भाजल्या सगळ्यांनी. पण लष्कर त्यावरच जेवतंय.

प्लेट वाचायची कशी?

आपल्या इंजिनिअर लोकांना आवडेल असा भाग आता. जाणकार माणूस प्लेट ऐकण्याआधी वाचतो.

मागची बाजू कोरी आहे? म्हणजे बहुधा १९०८ च्या आधीची, कारण दोन्ही बाजूंना गाणी छापायची पद्धत त्या सुमारास रुळली. कागदावर पंख लावलेला देवदूत बसला आहे? ग्रामोफोन कंपनीचं जुनं चिन्ह. कर्ण्यासमोरचा कुत्रा आहे? नंतरची. कागदावर छापलेला क्रमांक हा विक्रीसाठीचा. पण मधल्या कागदाच्या जवळ, जिथं चर संपतात तिथं, लाखेतच कोरलेला दुसरा एक बारीक क्रमांक असतो. तो मूळ साच्याचा, म्हणजे मॅट्रिक्स नंबर. त्यातल्या अक्षरांवरून काही वेळा मुद्रण करणारा इंजिनिअरसुद्धा ओळखता येतो.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर कागदावरचा क्रमांक हे नुसतं दाखवायचं नाव आणि कोरलेला क्रमांक ही ‘प्रायमरी की’. एकच गाणं गायकानं दोनदा गायलं आणि दोन्ही वेळचं मुद्रण एकाच विक्री क्रमांकाखाली बाजारात आलं, तर कागदावरून ते कधीच कळणार नाही. कोरलेल्या क्रमांकावरून कळेल. नुसत्या गाण्याच्या नावावर याद्या करणारे इथंच फसतात.

दुसरी भानगड गतीची. ‘७८’ हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर मोटर मिनिटाला ३६०० फेरे घेते. तिला ४६ च्या पटीत मंदावलं की ३६०० भागिले ४६, म्हणजे ७८.२६. ५० हर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडे, जवळचा आकडा येतो ७७.९२. ही झाली विजेच्या मोटरीनंतरची शिस्त. त्याआधी चावीच्या किंवा वजनावर चालणाऱ्या यंत्रांवर गती सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही असायची. समजा एखादी प्लेट ७४ नं मुद्रित केली आणि आपण ७८ नं वाजवली, तर स्वर १.०५४ पटीनं चढतो. एक अर्धस्वर म्हणजे १.०५९ पट. म्हणजे गायक जवळजवळ एका पट्टीनं वर गेला! काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये ऐकू येणार, आणि तानही उगाच जलद वाटणार. ‘जुन्या लोकांचे आवाज काय चढे होते हो’ हे कौतुक करण्याआधी प्लेटची गती तपासायला हवी. हे काम कान आणि गणित दोन्ही असलेला माणूसच करू शकतो.

सुईचंही तेच. ७८ चा चर एलपीच्या चरापेक्षा सुमारे तिपटीनं रुंद असतो. एलपीची सुई त्यात घातली तर ती तळाशी घरंगळत राहते आणि गाण्याऐवजी खरखर वाजवते. जुन्या फोनोची पोलादी पिन तर प्रत्येक बाजूनंतर बदलायची, कारण प्लेटमधली दगडाची पूड तिला झिजवून टाकायची. पिन नाही बदलली तर ती चर खरवडणार. म्हणजे प्रत्येक वेळी ऐकताना ती वस्तू थोडी थोडी मरत असते. आपल्या फायलींचं असं नसतं, म्हणून आपल्याला त्याची कल्पनाही येत नाही.

‘यंग इंडिया’ आणि एक उलटा प्रवास

१९३५ मध्ये मुंबईत ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ निघाली. तिच्या प्लेटांचं नाव ‘यंग इंडिया’. नावातच स्वदेशीचा वास आहे. मोठे कलाकार मोठ्या विदेशी कंपन्यांकडे बांधलेले, म्हणून हिनं बरेचसे नवे आणि हौशी कलाकार घेतले. म्हणजे जे पुढे फारसे मोठे झाले नाहीत, ज्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत, असे. ही कंपनी १९५५ च्या सुमारास बंद पडली.

आता एचएमव्हीच्या प्रसिद्ध गाण्यांचं एक बरं असतं. ती एलपीवर आली, कॅसेटवर आली, सीडीवर आली, मोबाइलवर आली. त्यांना वारस आहे. बंद पडलेल्या कंपनीच्या अनाम गायिकेला कोण? तिचं गाणं उरलंच तर एखाद्या संग्राहकाच्या कपाटात. चांदवणकरांनी या ‘यंग इंडिया’च्या प्लेटा आणि कागदपत्रं डिजिटल स्वरूपात आणायचा प्रकल्प हाती घेतला. त्याला पाठबळ दिलं ब्रिटिश लायब्ररीच्या, धोक्यात असलेले दस्तऐवज वाचवणाऱ्या कार्यक्रमानं. म्हणजे मुंबईच्या स्वदेशी कंपनीची गाणी वाचवायला पैसा लंडनहून आला. पुढे ओडियनच्या प्लेटांसाठीही तसंच काम झालं. याचा अभिमान बाळगायचा की लाज, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला दोन्ही वाटतं.

केसरबाई केरकरांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. जगभरच्या संगीतात आपल्याकडची एकच चीज निवडली गेली, केसरबाईंची भैरवी. सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकानं. पण अनेकांना माहीत नसलेला भाग असा, की ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती! शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. तो खोका त्या आधीच्या आठवड्यात भंगारात गेला असता तर? व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. सूर्यमालेबाहेर गेलेलं ते गाणं एका दुकानदारानं टेबलाखाली खोका ठेवून दिला म्हणून गेलं. रेकॉर्डींच्या इतिहासात बरंचसं असंच आहे, नशिबावर हवाला.

काळी बाजू

या छंदिष्टांना देव्हाऱ्यात बसवायचा माझा इरादा नाही. या जगात कंजूषपणा आहे, हेवेदावे आहेत. ‘ही प्लेट जगात फक्त माझ्याकडे आहे’ याची एक नशा असते, आणि ती टिकवायची तर दुसऱ्याला ऐकवायची नाही! असे दडवलेले संग्रह मालकाबरोबर संपतात. मुलांना त्यात रस नसतो, सुनेला जागा हवी असते. आणि त्यांचं तरी काय चुकलं? ते गणित बघाच आता. एक दहा इंची प्लेट साधारण पाव किलोच्या आतबाहेर. तीन हजार प्लेटा म्हणजे सहा-सातशे किलो. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवणार कुठं? माळा वाकेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, घरं विरार-बदलापूरला सरकली, चाळींचे टॉवर झाले. प्रत्येक घरबदलात सगळ्यात आधी काय निघतं? जड, फुटणारं आणि ज्याचं यंत्र बंद पडलंय ते. चोर बाजारातला माल बहुतांशी तिथूनच येतो. एकाचं घर मोडतं तेव्हा दुसऱ्याचा संग्रह वाढतो.

डिजिटल करायचं म्हटलं तरी सुटका नाही. तीन हजार प्लेटा, दोन बाजू, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तीनशे तास नुसतं वाजवणं. इथं कितीही प्रोसेसर लावा, तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांतच वाजणार. त्यात धुणं, गती ठरवणं, क्रमांक लिहिणं धरलं तर एका माणसाचे कितीतरी शनिवार-रविवार गेले. मात्र कायद्याची आडकाठी आता फारशी नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि ७८ च्या बहुतेक प्लेटा त्याहून जुन्या आहेत. (कवी आणि संगीतकाराचे हक्क वेगळे मोजतात, ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.) म्हणजे अडचण आहे ती माणसांची. ज्यांना प्लेट वाचता येते ते बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि ज्यांना संगणक येतो ते आपण, वीकेंडला मालिका बघत पडलेलो असतो.

तेव्हा मंडळी, एक काम करा. तुमच्या आजोळी, गिरगावात, दादरला, नाहीतर गावच्या घरी पोटमाळ्यावर असा एखादा खोका असण्याची बरीच शक्यता आहे. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तो उघडा. प्लेटा आडव्या एकावर एक रचल्या असतील तर उभ्या ठेवा, नाहीतर खालच्या वाकतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं चुकूनही पुसू नका. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, तुमचं गाणंही तसंच विरघळेल. पाण्यानं ओलसर केलेलं मऊ फडकं पुरे, आणि मधला कागद कोरडा राहू द्या. दोन्ही बाजूंच्या कागदाचे फोटो काढा आणि कोरलेला क्रमांक टॉर्च तिरका धरून लिहून घ्या. वाजवायची घाई करू नका. फोटो आणि क्रमांक एखाद्या जाणकार संग्राहकाला दाखवा. दहातल्या नऊ प्लेटा त्याच्याकडे आधीच असतील. दहावीसाठी तो दादर टीटीपासून चालत येईल.

आणि आजी अजून असेल तर तिला विचारून ठेवा, ही प्लेट कुणी आणली होती, कधी वाजवायचे. ते कुठल्याच प्लेटवर कोरलेलं नसतं.